एकाच जर्सीतले दोघे : १९८६ची टूर द फ्रान्स आणि एक मोघम शब्द

१५ जुलै १९८६. बायोनहून निघालेली टूर द फ्रान्स, म्हणजे तीन आठवडे टप्प्याटप्प्याने चालणारी सायकल शर्यत, संध्याकाळी पो या गावात पोचली, तेव्हा अमेरिकेचा ग्रेग लेमाँड पहिल्या क्रमांकापासून ५ मिनिटं २५ सेकंद मागे पडला होता. डोंगरात मागे पडणं हे सायकलपटूला नवं नाही. पण त्या दिवशी पुढे निघून गेलेला माणूस त्याच्याच टीमचा होता, त्याच्याच रंगांची जर्सी घालणारा होता. वर्षभरापूर्वी साऱ्या फ्रान्ससमोर 'पुढच्या वर्षी लेमाँडला जिंकायला मदत करीन' असं सांगणारा बेर्नार ईनो तो हाच.

लेमाँडने पाठलाग का केला नाही, हा प्रश्न सायकलिंग न पाहणाऱ्या माणसाला पहिल्यांदा पडतो. उत्तर वाऱ्यात आहे. साताऱ्याच्या रस्त्याला समोरून वारा असताना जो कुणी पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून सायकल मारत गेला असेल, त्याला हे पायांनी कळतं. पुढचा वारा फोडतो आणि मागच्याची सुमारे एक तृतीयांश ताकद वाचते. म्हणूनच या खेळात टीम लागते. टीममधले मदतनीस दिवसभर नायकासाठी वारा खातात, पाण्याच्या बाटल्या आणतात, चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून देतात. फ्रेंचमध्ये त्यांना 'डोमेस्टिक' म्हणतात, म्हणजे घरगडी. आता समजा टीममधला एक जण पुढे सुटला आणि त्याला पकडायला त्याचाच सहकारी निघाला. तर प्रतिस्पर्धी आरामात त्याच्या चाकामागे बसणार आणि फुकटात पुढच्यापर्यंत पोचणार. त्यामुळे आपल्याच माणसाचा पाठलाग करणं ही या खेळातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट समजली जाते. नियमपुस्तकात ती लिहिलेली नाही, पण प्रत्येकाला ठाऊक असते.

लेमाँडने तो संकेत पाळला आणि पोच्या रस्त्यावर साडेचार मिनिटं गमावली. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. नुकसान संकेत पाळणाऱ्याचं झालं.

ईनो हा ब्रिटनीचा, यिफिन्याकचा. जन्म १९५४. १९७८, १९७९, १९८१, १९८२ आणि १९८५ अशा ५ टूर त्याने जिंकल्या. त्याला 'ब्लेरो' म्हणत, म्हणजे बॅजर. बिळात कोंडला की उलटा अंगावर येणारा हा प्राणी, आणि ईनोचा स्वभावही तसाच होता. पाच टूर जिंकणारे त्याच्याआधी दोनच, जाक आंकेतील आणि एडी मर्क्स. सहावी जिंकली असती तर तो इतिहासात एकटा उभा राहिला असता. लेमाँड १९६१ सालचा, कॅलिफोर्नियात जन्मलेला आणि नेव्हाडात वाढलेला. त्याला १९८१ साली व्यावसायिक टीममध्ये आणला तो फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांनी, आणि त्या टीमचा नायक ईनोच होता. म्हणजे या दोघांचं नातं आधी वडीलधारा आणि शागीर्द असं होतं. लेमाँड १९८३ साली विश्वविजेता झाला आणि १९८४च्या टूरमध्ये तिसरा आला.

मधल्या काळात ईनोचा गुडघा दुखावला, गिमार यांच्याशी बिनसलं आणि तो बाहेर पडला. बेर्नार तापी या उद्योजकाने त्याच्याभोवती नवी टीम उभी केली आणि आरोग्यदायी खाद्यपदार्थांच्या आपल्या दुकानसाखळीचं नाव तिला दिलं, 'ला वी क्लेर'. बुडीत कंपन्या विकत घेऊन वर काढणं हा तापीचा धंदा होता आणि प्रसिद्धीची नस त्याला अचूक सापडलेली होती. पिएत मोंद्रियानच्या चित्रांसारखे लाल, निळे, पिवळे चौकोन असलेली ती जर्सी आजही लोक हौसेने विकत घेतात. स्कीच्या बुटांचे खटके बनवणाऱ्या 'लूक' या तापीच्याच कंपनीने तसाच खटका सायकलच्या पॅडलला बसवला आणि ते पॅडल वापरून ईनोने १९८५ची टूर जिंकली. आज आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत उतरणारा पोरगाही बूट 'खट्' करून पॅडलमध्ये अडकवतो, ते तिथून आलेलं आहे.

याच तापीने १९८५च्या हंगामासाठी लेमाँडला टीममध्ये घेतलं. दहा लाख डॉलरचा म्हणून गाजलेला तो करार, सायकलिंगने तोवर असा आकडा ऐकलेला नव्हता. एका टीममध्ये चालू काळाचा सम्राट आणि येत्या काळाचा, दोघंही. जाहिरात म्हणून याहून चांगलं काही नव्हतं.

शब्द कसा दिला गेला ते नीट पाहायला हवं, कारण सगळी गुंतागुंत तिथे आहे. १९८५च्या टूरमध्ये ईनो पिवळ्या जर्सीत होता, म्हणजे एकूण वेळेत पहिला होता. सेंत-एतिएनला टप्पा संपता संपता तो पडला, नाक मोडलं, डोळ्यांखाली काळंनिळं झालं. पुढच्या डोंगरात त्याला धड श्वास घेता येत नव्हता. लूझ आर्दिदाँच्या चढाच्या दिवशी लेमाँड आयर्लंडच्या स्टीफन रोशबरोबर पुढे निघाला. त्या काळी कानात रेडिओ नसत. मोटारसायकलवर बसलेला माणूस पाटीवर खडूने वेळेचा फरक लिहून दाखवी आणि बाकी निरोप टीमच्या गाडीतून येत. गाडीतून लेमाँडला सांगण्यात आलं की रोशला साथ देऊ नकोस, ईनो फार मागे नाही, त्याच्यासाठी दम धर. लेमाँडने ऐकलं. नंतर त्याला कळलं की ईनो सांगितल्यापेक्षा बराच मागे होता. लेमाँडच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं होतं. पॅरिसला ईनो १ मिनिट ४२ सेकंदांनी जिंकला आणि लेमाँड दुसरा आला.

त्या नाराजीवर उतारा म्हणून ईनोने जाहीरपणे सांगितलं की पुढच्या वर्षी माझी मदत ग्रेगला. तापी खूश, टीव्हीवाले खूश. लेमाँडने ते कायमचं मनात धरलं.

आता हा शब्द उघडून बघा. मदत म्हणजे काय? मी जिंकायचा प्रयत्नच करणार नाही, असं? की तू माझ्यापेक्षा जोरात असलास तर आडवा येणार नाही, असं? पहिल्या अर्थाने तो त्याग होता. दुसऱ्या अर्थाने तो साधा व्यवहार होता, कारण जोरात असलेल्याला कुणीच अडवू शकत नाही. कुणीही विचारलं नाही. चारचौघांत, विजयाच्या भरात दिलेल्या शब्दाला अटी विचारणं अशोभनीय वाटतं. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत 'ते बघू, घरचंच आहे' म्हणून सोडून दिलेल्या गोष्टींवरून पुढे जन्मभर जे होतं, तेच इथे झालं.

टीममधली माणसं बघितली तर फट आधीपासूनच दिसते. १९८६च्या टूरला दर टीममध्ये १० जण होते. ला वी क्लेरमध्ये निम्मे फ्रेंच आणि निम्मे परदेशी : लेमाँड आणि अँडी हॅम्पस्टेन अमेरिकन, स्टीव्ह बाऊअर कॅनडाचा, निकी रुटीमान आणि गिडो विंटरबर्ग स्विस. फ्रेंच बाजूला ईनोला देव मानणारे जुने साथीदार आणि त्याचा वारस समजला जाणारा तरुण जाँ-फ्राँस्वा बेर्नार. प्रशिक्षक पॉल कोक्ली स्विस. एकाच नायकासाठी नऊ जणांनी राबायचं, हे त्याला पटत नसे. टीममधला कुणीही सुटला तरी फायदा टीमचाच, अशी त्याची पद्धत. खेळ म्हणून मला ती फार आवडते, पण मोघम शब्दाला तिने आणखी मोघम केलं. कोक्लीच्या हिशेबात ईनोचं पुढे निघून जाणं चूक नव्हतंच.

तो उन्हाळा फ्रान्ससाठी कसा होता, हेही इथे सांगायला हवं. १९ जूनला, टूर सुरू व्हायच्या १५ दिवस आधी, विनोदवीर कोल्यूश गेला. दक्षिणेत ओपिओजवळ त्याची मोटारसायकल एका ट्रकवर आदळली. वय ४१. खरं नाव मिशेल कोलुची. निळे-पांढरे पट्टे असलेली ढगळ डांगरी, आत पिवळा टी-शर्ट, बारीक गोल चष्मा, आणि पुढाऱ्यांपासून पोलिसांपर्यंत कुणालाही न सोडणारी जीभ. स्टेजवरचा, रेडिओवरचा आणि टीव्हीवरचा लोकांचा लाडका विनोदवीर. १९८१च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उभा राहतो म्हणाला, तर लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की राजकारण्यांना घाम फुटला. शेवटी त्याने माघार घेतली.

मला या प्रकरणात तो आठवतो तो दुसऱ्याच कारणाने. ईनोने जुलै १९८५ मध्ये शब्द दिला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २६ सप्टेंबरला, कोल्यूश रेडिओवर बोलता बोलता म्हणाला की भुकेल्यांसाठी फुकट जेवणाची सोय करायची एक कल्पना डोक्यात आहे. विनोदी माणसाचं बोलणं, सहज हवेत विरलं असतं. पण डिसेंबरात 'रेस्तो द्यु कर'ची केंद्रं उघडली आणि त्या पहिल्या हिवाळ्यात सुमारे ८५ लाख जेवणं वाढली गेली. ती संस्था आजही दर हिवाळ्यात चालते, आणि देणगीदारांना करात सवलत देणाऱ्या १९८८च्या कायद्याला लोक कोल्यूशचंच नाव देतात. हसवणाऱ्या माणसाचा शब्द असा खरा झाला. त्याच्या शब्दात काय करायचं ते स्पष्ट होतं : ताट, वाटी, गरम जेवण. ईनोच्या शब्दात तसं धरायला काहीच नव्हतं.

कोल्यूशच्या पाठोपाठ २५ जूनला फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत फ्रान्स पश्चिम जर्मनीकडून २-० हरला. मग ४ जुलैला टूर निघाली. अशा उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या फ्रेंच माणसाला ईनोची सहावी टूर हवीशी वाटली असेल, तर त्याला दोष कसा द्यायचा? आणि त्या गर्दीचा आवाज ईनोच्या कानावर रोज पडत होता.

आधी नाँतमधल्या ६१.५ किलोमीटरच्या एकेरी वेळ-शर्यतीत, म्हणजे एकट्याने घड्याळाशी लावायच्या शर्यतीत, ईनो जिंकला. लेमाँडचं चाक पंक्चर झालं आणि तो ४४ सेकंदांनी दुसरा आला. मग सुरुवातीला सांगितलेला पोचा दिवस. ईनो स्पेनच्या पेद्रो देल्गादोला बरोबर घेऊन सुटला. टप्पा देल्गादोने जिंकला, पिवळी जर्सी ईनोला मिळाली. त्या रात्री टूर संपल्यातच जमा होती.

दुसऱ्या दिवशी ईनोने जे केलं ते शहाण्या माणसाने केलं नसतं. हातात सव्वापाच मिनिटांहून जास्त असताना तो तूरमाले घाटाच्या उतारावर पुन्हा एकटाच निसटला. पुढे आस्पाँ, पेरसूर्द आणि शेवटी सुपरबान्येरचा चढ. पेरसूर्द ओलांडल्यावर त्याचे पाय संपले आणि मागच्यांनी त्याला गाठलं. इथे हॅम्पस्टेनने स्वतःची ताकद खर्चून लेमाँडला वर ओढलं. लेमाँडने टप्पा जिंकला, ईनोने साडेचार मिनिटांहून जास्त गमावली, आणि दोघांतला फरक फक्त ४० सेकंदांवर आला. शब्द मोडणारा असं का करील? मी हा दिवस अनेकदा तपासून पाहिला आहे. मला वाटतं ईनोला नुसतं जिंकायचं नव्हतं, त्याला एकट्याने, सगळ्यांना मागे टाकून जिंकायचं होतं. सावधपणे जर्सी सांभाळत पॅरिस गाठणं त्याच्या रक्तात नव्हतं. नंतर तो सांगत राहिला की मी प्रतिस्पर्ध्यांना दमवत होतो आणि लेमाँडला घडवतही होतो. पहिल्या निम्म्यात तथ्य आहे. स्वित्झर्लंडचा उर्स झिमरमन सोडला तर बाकी कुणी शर्यतीत उरलंच नाही. दुसऱ्या निम्म्यावर माझा विश्वास नाही.

२० जुलैला आल्प्समध्ये, २४०० मीटरहून उंच असलेल्या ग्रानोंच्या चढावर, ईनोचा पाय दुखावलेला होता आणि लेमाँड झिमरमनबरोबर पुढे गेला. पिवळी जर्सी पहिल्यांदाच एका अमेरिकनाच्या अंगावर आली. झिमरमन २ मिनिटं २४ सेकंदांनी दुसरा, ईनो २ मिनिटं ४७ सेकंदांनी तिसरा.

आता तरी मिटायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी गालिबिएच्या उतारावर ईनो पुन्हा सुटला. या वेळी लेमाँड बसून राहिला नाही. सहकारी बाऊअरच्या मदतीने त्याने ईनोला गाठलं आणि पुढे क्र्वा द फेर घाटापासून हे दोघंच उरले. आल्प द्युएझच्या २१ वळणांवर पुढे ईनो, मागे पिवळ्या जर्सीत लेमाँड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसांच्या भिंती, मध्ये सायकलपुरती वाट, आणि ती ओरडणारी माणसं ईनोची. लेमाँडने त्या चढावर एकदाही पुढे निघायचा प्रयत्न केला नाही.

शेवटचे काही मीटर चित्रफितीत सावकाश पाहण्यासारखे आहेत. लेमाँड बाजूला येतो आणि ईनोच्या खांद्यावर हात टाकतो. दोघं काहीतरी बोलतात, हसतात. हात हातात घेऊन वर करतात. आणि अगदी रेषेवर लेमाँड किंचित मागे राहतो, ईनोचं चाक आधी जातं. झिमरमन ५ मिनिटांहून जास्त मागून आला. ते हसू मला खोटं वाटत नाही, दोघांचंही. त्या क्षणी भांडण खरोखर मिटलं असावं.

काही तासांनी दोघं टीव्हीसमोर शेजारी शेजारी बसले होते. ईनोने शांतपणे सांगितलं की टूर अजून संपलेली नाही, वेळ-शर्यत बाकी आहे. लेमाँडचा चेहरा पडला. दुपारी रेषेवर हात सोडून मागे राहिलेला माणूस तो.

शेवटच्या आठवड्यात लेमाँड भेदरलेला होता. आपल्या जेवणाला, बाटल्यांना, सायकलला कुणी काही करील अशी भीती वाटत होती, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे. तसं काही घडल्याचा पुरावा नाही. पण एकाच हॉटेलात, एकाच टेबलाशी जेवणाऱ्या माणसाला असं वाटावं, यातच टीमचं काय झालं होतं ते कळतं. २४ जुलैला सेंत-एतिएनच्या वेळ-शर्यतीत लेमाँड एका वळणावर पडला, पुढे सायकलही बदलावी लागली, आणि तरी ईनोला फक्त २५ सेकंदं मिळाली. त्यानंतर मात्र ईनोने हत्यार खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी प्वी द दोमच्या चढावर लेमाँडने आणखी ५२ सेकंद कमावली.

पॅरिसला २७ जुलैला हिशेब असा होता : लेमाँड पहिला, ईनो ३ मिनिटं १० सेकंदांनी दुसरा, झिमरमन तिसरा पण जवळपास ११ मिनिटं मागे. हॅम्पस्टेन चौथा आणि तरुणांमधला सर्वोत्तम, रुटीमान सातवा. चढांवरच्या गुणांची लाल ठिपक्यांची जर्सी, आपल्या मुंबई-पुणे शर्यतीच्या भाषेत 'घाटाचा राजा', ईनोकडे. सांघिक विजेतेपदही ला वी क्लेरचंच.

या प्रकरणावर बोलताना लोक 'एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत' असं म्हणून मोकळे होतात. वरचा हिशेब पाहिला तर ते पटत नाही. तलवारी राहिल्या, आणि टीमने जिंकण्यासारखं बहुतेक सगळं जिंकलं. तापीला हवं ते मिळालं. तीन आठवडे फ्रान्सने दुसऱ्या कुठल्या टीमचं नाव घेतलं नाही. म्हणूनच मी दोषाचा मोठा वाटा ईनोच्या पदरात टाकत नाही. हिवाळ्यात दोघांना एका खोलीत बसवून, पहिल्या डोंगरानंतर जो पुढे असेल त्याच्यासाठी दुसऱ्याने राबायचं, असं एक वाक्य ठरवून घेणं मालकाच्या आणि प्रशिक्षकाच्या हातात होतं. ते त्यांनी केलं नाही, कारण न ठरवण्यातच दोघांचा फायदा होता. किंमत मोजली लेमाँडने. आयुष्यातला सर्वांत मोठा विजय त्याला नीट साजरा करता आला नाही, हे तो म्हातारपणीही बोलून दाखवतो.

पुढच्या काळात टीम शहाण्या झाल्या. २०१२ साली ब्रॅडली विगिन्स आणि क्रिस फ्रूम एकाच टीममध्ये होते आणि ला तुसुईरच्या चढावर फ्रूम पुढे निघाला, तेव्हा कानातल्या रेडिओवरून त्याला थांबवलं गेलं. विगिन्स जिंकला, फ्रूम दुसरा आला. भांडण झालंच, पण नायक कोण हे आधी ठरलेलं होतं, त्यामुळे फ्रूमला निदान कशावर रागवायचं ते माहीत होतं.

ईनो १९८६ सालीच १४ नोव्हेंबरला, आपल्या बत्तिसाव्या वाढदिवशी निवृत्त झाला. त्याच्यानंतर आजवर एकाही फ्रेंच पुरुषाने टूर जिंकलेली नाही. लेमाँड १९८७च्या एप्रिलमध्ये शिकारीला गेला असता मेव्हण्याच्या बंदुकीची गोळी लागून मरता मरता वाचला. छर्रे अंगात ठेवूनच तो परतला आणि १९८९ साली एका कमकुवत बेल्जियन टीमकडून टूरला उतरला. शेवटच्या दिवशी तो लोराँ फिन्योंच्या ५० सेकंद मागे होता, आणि टूर जिंकला ८ सेकंदांनी. तो टप्पा व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटरची एकेरी वेळ-शर्यत होता. तिथे प्रत्येकाला एकेकटं सोडतात, आणि कुणाच्याही चाकामागे जायचं नसतं.